शेजारच्या सीटचा ब्रेक

लेकीने अट घातली होती ती अगदी साधी. बाजाराच्या चौकातून एक फेरी मारायची, ती शेजारी बसणार, आणि त्यावरून ठरवायचं, बाबांनी यापुढे गाडी चालवायची की किल्ली तिच्या हाती द्यायची. मास्तरांना हे भलतंच झोंबलं. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या माणसाची परीक्षा घेणार कोण, तर जिला क्लच म्हणजे काय तेही त्यांनीच सांगितलं, ती! पण उजव्या डोळ्याच्या कडेला हल्ली धुरकट दिसतं, हे त्यांनी घरात कुणालाच कळू दिलं नव्हतं. तेव्हा फार वाद घालणंही शहाणपणाचं नव्हतं.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच. स्कूल बंद झालं तेव्हा मास्तरांचा जीव काही ती मोडीत घालायला धजला नाही. छपरावरची पाटी काढली, शेजारच्या सीटपुढचा शिकवणाऱ्याचा ब्रेक मात्र तसाच राहिला.

"पट्टा लाव," मास्तर गुरकावले.

"लावलाय. तुम्ही तुमचा लावा."

मास्तरांनी निमूटपणे लावला.

रस्त्याला लागल्यावर मात्र त्यांची कळी खुलली. या वळणावर शिंपीणबाई दर वेळी डोळे मिटून घ्यायच्या. पोस्टमनला रिव्हर्स काही केल्या जमेना, म्हणून मैदानात विटा मांडल्या, तर पठ्ठ्याने एकूण एक पाडल्या. काय दिवस होते ते! पहाटेपासून फाटकाशी माणसं उभी, आणि मास्तर प्रत्येकाला तेच सुनावायचे, "रस्ता आधी पायी चालणाऱ्याचा, मग सायकलवाल्याचा, उरला तर आपला."

चौकातले पांढरे पट्टे आले तेव्हा ते बेकरीवाल्याचा किस्सा रंगवत होते. गाडी एकदम गचकन थांबली. बोनेटपासून हातभर अंतरावरून एक आजीबाई काठी टेकत चालल्या होत्या. उजवीकडून आल्या होत्या. मास्तरांना त्या दिसल्याच नव्हत्या.

"वा बाबा," लेक शांतपणे म्हणाली. "अगदी वेळेवर दाबलात."

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवरच होता.

वाक्य त्यांचंच होतं. शिकणारा घाबरून गोठला, की ते हळूच आपला ब्रेक दाबायचे आणि वर तोंड भरून कौतुक करायचे. बिचाऱ्याला वाटायचं, गाडी आपणच थांबवली. दुसऱ्या दिवशी स्वारी छाती काढून हजर. ही युक्ती त्यांनी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

"तुला कधी कळलं?"

"शिकतानाच. दूधवाल्याची सायकल आडवी आली तेव्हा माझ्या पायाला ब्रेक सापडतच नव्हता. आणि तुम्ही म्हणालात, शाबास."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश दिसत होतात!"

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. आजीबाई पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत मास्तर थांबले, मग गाडी कडेला घेऊन बंद केली. शिकणाऱ्याला ती शाबासकी कामाची होती, कारण तो उद्या शिकणार होता. त्यांचा डोळा आता काही शिकणार नव्हता.

"शाबासकी परत घे, पोरी," ते म्हणाले. "मला त्या बाई दिसल्याच नाहीत. उजवीकडचं मला दिसत नाही गं. बरेच महिने झाले."

त्यांनी किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने किल्लीसकट त्यांचा हातच धरून ठेवला.