पहिली भाकरी

"अगं, त्यानं पुन्हा जोड्यात केलं!" महिपतराव ओसरीवरून ओरडले आणि एका पायावर अंगणभर नाचले.

कुणी केलं, हे विचारायची गरज नव्हती. अकरा वर्षं ज्यानं मोहरीतल्या नीलगायी हाकलल्या आणि कधी घरात तंगडी वर केली नाही, तो खंड्या दारात बसून भलतीकडंच बघत होता. आठ दिवसांत त्यानं दोन जोडे, एक रजई आणि ब्रूनोरावांची उशी भिजवली होती. वर ब्रूनोरावांचा कानही फाडला होता.

ब्रूनोराव म्हणजे जावयाचा कुत्रा. पिवळाधमक, गुबगुबीत. जावई समरजीत यांची बदली इंदूरला झाली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना. म्हणून लेक हेमांगीनं त्याला शहरातल्या सिटी सेंटरच्या फ्लॅटातून गाडीत घातलं आणि रडत रडत माहेरी आणून सोडलं. घराणं दख्खनेतून घोड्यावर बसून आलेलं. घोडी गेली, तलवार माळ्यावर गेली, ग्वाल्हेरबाहेर वीस बिघे भुरकट माती उरली. मानपान मात्र शाबूत. व्याह्यांकडचा नारळसुद्धा या घरात पाटावर बसायचा, हा तर जिता जीव! अनसूयाबाईंनी त्याला ओवाळून आत घेतलं. तव्यावरची पहिली भाकरी त्याला, चुलीजवळचं खंड्याचं पोतंही त्यालाच. खंड्या गुरगुरला की महिपतरावांची काठी त्याच्या पाठीत.

"रविवारी जावईबापू येनारेत," अनसूयाबाईंनी निकाल दिला. "तोवर ह्यो सुधारला तर ठीक, न्हाईतर माझ्या भावाच्या वीटभट्टीवर धाडा त्याला."

"अगं, अकरा वर्षांचं जनावर. भट्टीच्या धुरात मरंल ते."

"मग ब्रूनोरावांस्नी धाडू? हेमांगीला कुठल्या तोंडानं सांगू?"

महिपतराव ओला जोडा घालून शेतात गेले. धुकं अजून मोहरीवर लोळत होतं. बांधाला दोन नीलगायी निवांत चरत होत्या. खंड्यानं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि खाली बसला. महिपतरावांनीच ढेकळं मारली. नीलगायी चार पावलं सरकल्या आणि पुन्हा खाऊ लागल्या.

शेजारच्या बांधावरून दौलतसिंह बघत होते. उभी नोकरी त्यांनी पलटणीतली कुत्री सांभाळण्यात काढली होती.

"भाऊसाहेब, कुत्ता बिगडा नहीं है. तुम्ही बिघडलात."

"म्या काय केलं?"

"सुभेदाराच्या खुर्चीत काल भरती झालेला रंगरूट बसवला. वर सुभेदारालाच दंडा. तो जोड्यात नाही तर कुठं करेल?"

"अवो, पर व्याह्यांकडचं हाय ते!"

"कुत्र्याला व्याही कळत नाही. सुनो. दोघांना कालव्यावर न्या. दोन दोऱ्या, दोन माणसं, मधी चांगलं अंतर. शांत चालले की शाबासकी. खाणं अलग, पोतं वापस, पहिली भाकरी बुजुर्गाला. और गुरगुरला तर मारायचं नाही. गुरगुर म्हणजे तो सांगतोय. सांगणं बंद पाडलंत तर सीधा चावेल. चुपचाप अंतर वाढवायचं, बस."

चार दिवस महिपतरावांना चैन नव्हतं. सकाळ-संध्याकाळ ते खंड्याला घेऊन कालव्याच्या या काठानं, दौलतसिंह ब्रूनोरावांना घेऊन त्या काठानं. गावात कुणीतरी विचारलं, "वरात कुनाची?" अनसूयाबाई पहिली भाकरी खंड्याला घालायच्या खऱ्या, पण आधी पदर सावरून पुटपुटायच्या, "ब्रूनोराव, राग मानू नका." राग ब्रूनोरावांनी मानलाच नाही. त्यांना भाकरी कितवी हे मोजता येत नव्हतं.

शुक्रवारी दोघं एकाच काठानं चालले. शनिवारी खंड्या नीलगायींवर धावला, ब्रूनोराव त्याच्यामागं धावले आणि पाण्याच्या पाटात पडले. खंड्या परत आला, त्यांचा फाटका कान हुंगला आणि पुढं चालू लागला. महिपतरावांनी डोळे पुसले. दौलतसिंहांना म्हणाले, धुकं झोंबतंय.

रविवारी समरजीत आले. ब्रूनोनं उड्या मारल्या, खंड्यानं शेपटी दोनदा हलवली. जावईबापू खूश झाले, पाटावर बसले. तव्यावरनं पहिली भाकरी उतरली.

खंड्या चुलीजवळच्या पोत्यावर ताठ बसला होता. अनसूयाबाईंचा हात जावयाचं ताट आणि पोतं यांच्या मधेच थांबला. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं.

महिपतरावांनी जावयाकडं बघितलं, खंड्याकडं बघितलं. मग उठले, भाकरी बायकोच्या हातून घेतली, कुसकरून खंड्याच्या भांड्यात घातली. दुसरी पलीकडच्या कोपऱ्यात ब्रूनोरावांना.

समरजीत यांच्या घशातून खर्जातला बारीक आवाज निघाला. महिपतरावांनी तो आवाज ओळखला. ते अजिबात रागावले नाहीत.

"अगं," ते हळूच म्हणाले, "जावईबापूंचा पाट जरा लांब सरकव. आन् माझं जोडं आत घे."