पडद्यावरची रिकामी जागा

मी एक मॉनिटर बोलतोय. चोवीस इंची, डाव्या कोपऱ्यातला एक ठिपका कायमचा हिरवा. कारखान्यात मला हजारो भावंडं होती, पण ओळख एकाशीही झाली नाही. पहिली सहा वर्षं मी एका प्रवास कंपनीच्या काउंटरवर काढली. तिथे लोक माझ्यात डोकावायचे ते खिडकीजवळची जागा शिल्लक आहे का, एवढंच बघायला. मग कंपनीनं गाशा गुंडाळला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानातून एका प्रोग्रॅमरच्या घरी आलो.

तो एकटाच राहायचा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक टेबल, दोन खुर्च्या. त्यातल्या एकीवर कायम धुतलेले कपडे. कुरियर कंपनीचं पार्सल कुठवर पोचलं हे दाखवणारे प्रोग्रॅम तो घरी बसून लिहायचा. दिवसभरात माझ्याखेरीज कुणाचं तोंड बघायचा नाही.

त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी चार वर्षांची असताना वारली होती. तिला सगळे ‘गठुडं’ म्हणत, कारण ती सदा कुणाच्या तरी कडेवर. तिला चालता आलंच नाही. पुढे मान धरवेना, मग श्वासही घेववेना. रुग्णालयानं तिची आणि तिच्या आईवडिलांची जनुकं तपासली आणि अहवालात लिहिलं, कारण सापडलं नाही. त्या तपासणीची डिस्क बहिणीच्या कपाटात पडून होती. यानं ती मागितली.

“ती गेली ना रे आता,” बहीण फोनवर म्हणाली. “तिला अजून कशाला उसवायचं?”

“ताई, मला नुसतं बघायचंय.”

“डॉक्टरांना दिसलं नाही ते तुला दिसणार? पार्सलं मोजणारा तू.”

डिस्क तिनं पाठवली. ती आली त्याच्याच कंपनीच्या कुरियरनं, दोन दिवस उशिरा. पण त्यानंतर तिचे फोन कमी झाले, आणि मग थांबलेच.

जीवशास्त्रात त्याची मजल शाळेतल्या बेडकाच्या चित्रापलीकडे नव्हती. त्यानं अगदी श्रीगणेशापासून सुरुवात केली. माझ्यावर व्याख्यानं लावायचा, थांबवायचा, मागे न्यायचा, वहीत लिहायचा. त्याला कळलं की यंत्र जनुकांची पोथी सलग वाचत नाही. ते तिचे कोट्यवधी बारीक कपटे वाचतं, आणि प्रत्येक कपटा कुठल्या पानावरचा हे नंतर शोधावं लागतं.

“म्हणजे पत्ता नसलेली पार्सलं की,” तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला मीच होतो.

हे दाखवणारे तयार प्रोग्रॅम मिळत होते. पण स्वतः बांधल्याशिवाय त्याला काही समजायचं नाही, असा स्वभाव. त्यानं माझ्यावर तीन पट्ट्या आखल्या. वर आई, मध्ये वडील, खाली गठुडं. जिथे जितके कपटे जमतील तितका उंच ढीग, डोंगरांच्या रांगेसारखा. रोज काम संपलं की तो त्या रांगांतून हळूहळू पुढे सरकायचा. जेवायचाही माझ्यासमोरच. कधी खालच्या पट्टीकडे बघून म्हणायचा, “चला बाई, आज कुठवर जायचं?”

असं दीड वर्ष गेलं. एका रविवारी सकाळी खालच्या पट्टीत मध्येच काहीच उमटलं नाही. सपाट, रिकामी जागा.

“माझंच काहीतरी चुकलंय,” तो म्हणाला. आधी त्यानं मला फडक्यानं पुसलं. माझा काय दोष? मग चित्र काढणारा भाग तीनदा नव्यानं लिहिला. सगळे कपटे पहिल्यापासून पुन्हा जागेवर लावले. जागा रिकामीच. शेवटी त्याची नजर वर गेली. नेमक्या त्याच ठिकाणी आईचा ढीग निम्मा होता, वडिलांचाही निम्मा. तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

चित्र घेऊन तो रुग्णालयात गेला. आठवड्यानं तिथल्या जनुकांच्या डॉक्टरबाईंचा फोन आला.

“तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे. तेवढा भाग मुलीत नव्हताच. आम्ही तेव्हा अक्षरं बदललीत का ते तपासलं, पानच गायब असेल हे पाहिलं नाही. चूक आमची. दर पानाच्या दोन प्रती असतात. आईवडिलांकडे या पानाची एकेक प्रत होती, दुसरी नव्हती. हिच्या वाट्याला दोघांकडूनही नसलेलीच आली.”

“आधी कळलं असतं, तर वाचली असती?”

“नाही. यावर अजून औषध नाही. पण त्यांना पुढं मूल हवं असेल, तर आधी तपासता येईल.”

त्यानं बहिणीला निरोप पाठवला, आणि ती आली. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे त्यानं पलंगावर टाकले. ती माझ्यासमोर बसली.

“ही ती?”

“तिचा एवढासा तुकडा.”

तिनं रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. “सातव्या महिन्यात मी जिन्यावरून पडले होते. कुणाला बोलले नाही. घसरले त्या नऊ पायऱ्या होत्या. रोज मोजते.”

“ताई, पडण्याचा काही संबंध नाही. हे त्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं. तुझं काही चुकलं नाही.”

ती रडली. इतक्या जवळून रडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, “आता हे इथून मिटव. रुग्णालयाकडे प्रत आहे. तू मिटवलं नाहीस तर या खुर्चीतून उठायचा नाहीस.”

“उद्या मिटवतो.”

त्याच्या डोक्यावरून हात फिरवून ती गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिल्या पानापासून सगळं पुन्हा एकदा बघायला सुरुवात केली. सगळं एका दिवसात बघून होण्यासारखं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. दुपारी तो थांबला आणि त्यानं कळ दाबली. तिन्ही पट्ट्या गेल्या. इतके दिवस तो एकटा नव्हता, गठुडं त्याच्यासोबत होतं, हे मला तेव्हा समजलं. त्यालाही बहुधा तेव्हाच.

आता तो त्या रुग्णालयात नोकरी करतो. त्याच्याच प्रोग्रॅममध्ये दुसऱ्यांच्या मुलांच्या पट्ट्या दिसतात, पण त्या तिथल्या मोठ्या पडद्यांवर. रविवारी तो बहिणीकडे जेवायला जातो. मी टेबलावर बंद असतो. माझा उजेड मंदावलाय, अर्धं अंग काळं पडलंय. येत्या शनिवारी तो मला भंगारात देणार आहे. माझी तक्रार नाही. थकलेल्याला आणखी कोण किती सांभाळणार?

माझ्यासारख्यांसमोर एकट्यानं बसणाऱ्या माणसांनो, एवढंच मागतो. जे सापडेल ते कुणाला तरी शेजारी बसवून दाखवा, आणि तोंडानं सांगा. आम्हाला नुसतं दाखवता येतं. ‘तुझं काही चुकलं नाही’ असं आम्हाला म्हणता येत नाही.