शून्य नंबरची पोती

आमच्या सहकारी तेलगिरणीत जैतुनाची कोणाची पोती कधी दळायची, हे इतकी वर्षं एकच कंप्युटर ठरवत आला. तो सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. मी काट्यावर बसतो, पोती तोलतो. नंबर द्यायचं काम कारकून लमजेदचं, आणि त्याच्याशिवाय ते धूड कुणाचं ऐकायचंही नाही.

गेल्या वर्षी वरून फर्मान आलं की सगळ्या गिरण्यांच्या नोंदी आता इंटरनेटवर हव्यात. जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालेना. म्हणून स्फाक्स शहरातून स्कंदर नावाचा तरुण इंजिनियर आला आणि त्याच्यासाठी सभासदांची सभा भरली. सभेत म्हातारा हत्ताब उठला. तो उठला की आम्ही खुर्च्या सरसावून बसायचो.

"चालतंय ते चालू द्या की! ह्या पोराच्या कंप्युटरला जैतून आणि बकरीच्या लेंड्या यातला फरक तरी कळतो का?"

सगळे खो खो हसले. स्कंदरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. हात वर झाले, हत्ताब हरला. "बघा मग तुमचं तुम्ही," म्हणून टोपी झटकून तो निघून गेला.

स्कंदर काही वाईट मुलगा नव्हता. लमजेदशेजारी बसून एकेक रकाना त्याने विचारून घेतला. हे काय, ते कशाला, हे रिकामं का. शेवटी म्हणाला, "आणखी काही, लमजेदभाऊ?"

"नाही रे बाबा. झालं एवढंच."

आता खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. ज्या घरात मयत झाली, त्या घराने आमच्याकडे रांगेत उभं राहायचं नसतं. पोती आणून टाकायची आणि घरी बसायचं. गिरणी त्यांचं सगळ्यांच्या आधी दळते आणि तेल घरी पोचवते. त्यांनी विचारायचं नाही, आम्ही विसरायचं नाही. जुन्या प्रोग्राममध्ये यासाठी जागा नव्हती, म्हणून लमजेद अशा घराला शून्य नंबर द्यायचा. एकाच्या आधी शून्य, संपला विषय. हे कुणाला सांगावं लागतं असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याही नाही.

स्कंदरला जुन्या नोंदींत हे शून्य नंबर दिसले. दर हंगामात दोन-चार. त्याला वाटलं, टाइप करताना झालेल्या चुका. त्याने जुन्या शून्यांना तारखेप्रमाणे नीट नंबर लावून टाकले, आणि पुढे कोणी शून्य घातलंच तर ती नोंद 'अपूर्ण' म्हणून बाजूला पडेल अशी सोय केली. जाताना खुशीत म्हणाला, "सगळा जुना कचरा साफ केला." आमच्या गावची मेलेली माणसं होती ती. पण त्या दिवशी मीही मान डोलावली.

हंगाम ऐन भरात असताना हत्ताब गेला. झाडाखाली जाळी पसरता पसरता खाली बसला, तो उठलाच नाही. राहिलेली झाडं त्याच्या पुतण्याने झोडली आणि पोती ट्रकमधून आणली. मी तोलली, मागच्या भिंतीला लावली. लमजेदने डोळे पुसत शून्य नंबर घातला.

पूर्वी लमजेद दारात उभा राहून नावं पुकारायचा. आता भिंतीवर पडदा लागला होता. पडद्यावर नंबर यायचा, पोरं ती पोती ओढायची. लमजेद खूश, घसा वाचला म्हणून. हत्ताबचा नंबर पडद्यावर आलाच नाही. त्याच्या पोत्यांपुढे दुसऱ्यांची पोती रचली गेली, त्यांच्यापुढे आणखी कुणाची.

तिकडे त्याची बायको ज़कीया पांढरे कपडे घालून घरात बसलेली. विधवेने त्या दिवसांत उंबरा ओलांडायचा नसतो. पुतण्या म्हणाला, "काकू, जाऊन विचारू का?"

"विचारायचं नसतं," ती म्हणाली. आणखी काही दिवसांनी तो पुन्हा म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "सभेतलं झोंबलंय त्यांना. मेलेल्या माणसावर दात धरलाय. धरू देत."

मला वासाने कळलं. मागे फावडं आणायला गेलो तर आंबल्याचा भपकारा आला. पोत्यात हात घातला, आत ऊब होती, नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी. पोत्यावरची नावाची चिठ्ठी वाचली आणि मी लमजेदच्या नावाने असा ओरडलो की पोरांनी यंत्र बंद केलं.

स्कंदर दुसऱ्याच दिवशी धावत आला. त्याने 'अपूर्ण' नोंदी उघडल्या. तिथे एकच नाव होतं. लमजेदने त्याला शून्याचा अर्थ सांगितला, तेव्हा तो खुर्चीत मागे टेकला. मग हळूच म्हणाला, "मग मी आधीचे सगळेच..." लमजेदने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला मात्र त्या दोघांना बदडावंसं वाटत होतं, आणि स्वतःलाही.

हत्ताबच्या पोत्यांचं तेल निघालं ते लालसर आणि आंबूस. असलं तेल साबणवाले नेतात. आम्ही गिरणीतलं सगळ्यात चांगलं तेल डब्यांत भरून तिच्याकडे पाठवलं. पुतण्या डबे तसेच परत घेऊन आला. "काकू म्हणते, तेल झकास आहे, पण ते त्याचं नाही." मग तो हत्ताबचंच आंबूस तेल भरून घेऊन गेला.

हत्ताबच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं. चाळिसाव्याला कोणी बोलावत नाही, माणसं आपणहून जातात. स्कंदरही आला आणि दाराजवळच बसला. कुसकुस आलं, मटण आलं, आणि मधोमध रोटीशेजारी तेलाचा वाडगा. वासावरूनच ओळखलं आम्ही. कुणाचा हात पुढे होईना.

स्कंदरने रोटीचा तुकडा मोडला, बुडवला आणि तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, पण गिळलं. मग आम्ही सगळ्यांनी खाल्लं.

ज़कीया आतल्या दारात उभी होती. स्कंदर उठून तिच्यासमोर गेला.

"खाला, चूक माझी आहे. पण कुणी रागावलं नव्हतं हो. ह्यातल्या कुणाच्याच मनात काही नव्हतं. पडद्यावर नंबरच आला नाही, म्हणून कुणाच्या लक्षात नाही आलं."

तिने आमच्याकडे पाहिलं. लमजेदकडे, माझ्याकडे. इतकी वर्षं तिच्या नवऱ्याची पोती मी याच हातांनी तोलली होती.

"रागावला असतात तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली. "मी इतके दिवस तुमच्या त्या रागावरच काढले. वाटायचं, निदान आठवण तरी आहे त्याची."