पांढरी वायर

मी टीव्ही कार्ड बोलतोय. नाव टीव्हीचं, पण माझं आयुष्य गेलं लोकांच्या लग्नांत. वीस-बावीस वर्षांपूर्वी पुनावळ्याच्या उद्धवरावांनी मला त्यांच्या व्हिडिओच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. कॅसेटमधलं चित्र वायरीतून माझ्याकडे यायचं, मी ते कॉम्प्युटरला द्यायचो आणि मग त्याची सीडी निघायची. किती अक्षता पडल्या माझ्यादेखत!

उद्धवराव कामाला वाघ, पण एक खोड होती. चित्राची पिवळी वायर जोडायचे, आवाजाची पांढरी मात्र खिळ्यालाच टांगलेली. "लोकांची कलकल कशाला? वरनं गाणी टाकू की." गिऱ्हाईकही खूश. मला वाईट वाटायचं, पण मला विचारतो कोण?

पुढे मोबाइल आले आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो.

परवा गावातली पुनम आली. हिंजवडीत नोकरीला आहे, पुढच्या महिन्यात तिचं लग्न. हातात आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट आणि उद्धवरावांनीच तिची केलेली सीडी.

"काका, सीडीत नुसती गाणी हायेत," ती म्हणाली. "आई गेली तवा मी आठ महिन्यांची. तिचा आवाज मी कधी ऐकलाच न्हाई."

उद्धवरावांचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, पोरी."

त्यांनी जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला, पुसला. कॅसेटच्या फितीला बुरशी धरली होती. "एकदाच चालंल बघ," ते म्हणाले. मग खिळ्यावरची पांढरी वायर काढून त्यांनी स्वतःच्या हातानं जोडली.

कॉम्प्युटरचा पंखा केव्हाच अडकला होता. अंग भाजायला लागलं. म्हटलं, आज दगा द्यायचा नाही, बाबा.

पडद्यावर मांडव आला. बायका नवरीला नाव घ्यायला लावत होत्या.

"पवनेच्या काठाला हिरवागार ऊस..." नवरी अडली. "अगं बया, इसरलेच की! थांबा, हसू नका गं!" आणि स्वतःच खदखदून हसली.

ती हसत असतानाच फीत तुटली. पण तोवर मी सगळं कॉम्प्युटरला देऊन मोकळा झालो होतो.

उद्धवराव डोळे पुसत कॉम्प्युटर बंद करायला गेले.

"थांबा, काका! परत लावा," पुनम म्हणाली.

उद्धवराव तिच्याकडे बघतच राहिले. तोच 'थांबा', तसाच्या तसा. इतकी वर्षं ती आईचा आवाज घेऊनच हिंडत होती, पोरीला ठाऊक नव्हतं.

मी आता चालत नाही. पण त्यांनी मला भंगारात दिलं नाही, काउंटरवर ठेवलंय, पांढऱ्या वायरीशेजारी. तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर उशीर करू नका, एवढंच माझं मागणं.

पुनमच्या लग्नाचं शूटिंग उद्धवरावांचा मुलगा दिग्विजय करणार आहे. तिनं त्याला बजावलंय, "गाणी एकपण टाकू नको, दादा. आमची कलकल राहू दे."