पुठ्ठ्याला लावलेलं गंध

या, असे पुढे सरकून बसा. भन्ते आसनावर यायला अजून अवकाश आहे, आणि एकदा राणीचा अध्याय सुरू झाला की मी कोणाशी बोलत नाही. तोवर एक गोष्ट सांगतो. या अध्यायाच्या चालीची आणि एका बाईच्या करंगळीची.

आमच्या पेचबुरीत तेव्हा टंकलेखन शिकायचं म्हणजे चुआ मास्तरांकडेच. नदीकाठी घर, खालच्या खोलीत यंत्रांची रांग. मास्तर तरुणपणी भिक्षू होते, आणि राणीचा अध्याय गावा तर त्यांनीच. जातककथेतला दानशूर राजा आपली मुलंही दान देऊन मोकळा होतो, राणी रानातून परतते आणि झाडाझाडाखाली हाका मारत फिरते. ते ऐकायला लोक होड्या करून यायचे. पुढे मास्तरांनी चीवर उतरवलं, संसार मांडला, पण चाल काही गळ्यातून गेली नाही. बोटांचे पाठही ते त्याच चालीवर घालून देत. अक्षरं दिसू नयेत म्हणून शिकणाऱ्याच्या हातांवर ताडगुळाच्या डब्याचं झाकण ठेवायचं, आणि आपण डोळे मिटून गायचं. हुंदक्याच्या जागी करंगळी, लांब श्वासाच्या जागी अंगठा. त्यांचे विद्यार्थी कुठल्याही कचेरीत ओळखू यायचे. ओठ हलायचे.

लमून त्यांतली सगळ्यांत तयार. जिल्हा कचेरीत ती माझ्या समोरच बसायची. काही वर्षांनी तिच्या उजव्या हाताची करंगळी दुखायला लागली. यंत्रावरच्या जुन्या मांडणीत रोज लागणारी अक्षरं उजवीकडेच गर्दी करून बसलेली. डावा हात नुसता बसून खातो. बोट वाकडं झालं, मग मनगटही सुजलं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच रेटलंत तर या हातात चमचासुद्धा धरवणार नाही. घरी अंथरुणाला खिळलेले वडील. घर तिच्या एकटीच्या पगारावर.

त्याच सुमाराला राजधानीहून एक यंत्र आलं. नव्या मांडणीचं. अक्षरं दोन्ही हातांना सारखी वाटून दिलेली. हळूहळू सगळीकडे हेच येणार, असं सोबतच्या कागदात म्हटलं होतं. साहेबांनी लमूनला बोलावलं.

"पावसाळा सरून वर्षावास संपेपर्यंत यावर हात बसव. बसला तर यंत्र तुझं. नाही बसला, तर मला दुसरं कोणी बघावं लागेल. राग मानू नकोस."

तिने पुठ्ठ्यावर नवी मांडणी रेखून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोटं चालवू लागली. गप्प राहून सावकाश केलं की जमायचं. यंत्रावर जरा वेग आला की ओठ हलायचे, आणि कागदावर नुसती खिचडी.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही गुणगुणायला लागलात की बोटं माहेरी पळतात."

ती हसली नाही. "पळणारच. मास्तरांची रजा न घेता दुसरी विद्या धरली ना मी."

आमच्याकडे ही गोष्ट कोणी हसण्यावारी नेत नाही. कचेरी सुटल्यावर आम्ही दोघं मास्तरांकडे गेलो. तिने पायांशी बसून, हात जोडून रजा मागितली.

मास्तर पंख्याने वारा घेत होते. हात थांबला.

"वा गं पोरी! उद्या जिकडे तिकडे तुझी नवी मांडणी आली, की माझी ही यंत्रं काय कोंबड्यांच्या खुराड्याला लावू? माझ्याच दाराला माझ्याच हाताने कुलूप लावायला सांगतेस!"

"आधी तिचं बोट बघा," आतून मास्तरीणबाई म्हणाल्या, "मग कुलपाचं बोला."

मास्तरांनी बोट पाहिलं नाही. म्हणाले, "गुरुवारी ये. गुरुपूजेला सगळे असतील. तिथे माग."

गुरुवारी खोली भरली होती. वांग्याची फुलं, हरळीच्या जुड्या, लाल फुलांचे गुच्छ. मास्तर एकेका यंत्रापुढे थांबत, वाटीत बोट बुडवून पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके लावत, आणि पुढे जात. रांगेच्या शेवटी लमून बसली होती. तिच्यापुढे यंत्र नव्हतं. तबकात फुलं, आणि फुलांखाली तो पुठ्ठा.

मास्तर तिच्यापुढे आले तशी कुजबुज थांबली. पुठ्ठा काय आहे ते प्रत्येकाला ठाऊक होतं. मास्तरांचं बोट वाटीतच राहिलं.

"गंध वाळतंय हो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर खाली बसले. तिचा उजवा हात त्यांनी मांडीवर घेतला, ती करंगळी उलटसुलट करून पाहिली.

"हिला मीच म्हणायचो ना, आणखी जोरात मार म्हणून?"

"हो मास्तर."

त्यांनी पुठ्ठ्यावर तीन ठिपके लावले. मग कोणाकडे न बघता म्हणाले, "अक्षरांच्या या नव्या जागा मला येत नाहीत. चाल येते. उद्यापासून ये."

ती रोज जाऊ लागली. मांडीवर पुठ्ठा, हातांवर तेच झाकण, आणि मास्तर डोळे मिटून राणीच्या हाका गातायत. चाल तीच, पण हुंदका आता कुठल्या बोटाला द्यायचा हे ती सांगायची आणि मास्तर मानायचे. मध्येच ओरडायचे, "डावी अनामिका झोपलीय तुझी! उठव तिला!" पुठ्ठ्यावर बोटांचा तो काय आवाज, पण त्यांना ऐकू यायचा.

वर्षावास संपला. परीक्षेला सारी कचेरी गोळा झाली. साहेब म्हशींना लस टोचण्याचा हुकूम वाचू लागले आणि लमूनचे ओठ हलले. साहेब थबकले. "बाई, ही कचेरी आहे, देऊळ नव्हे."

तिने ओठ मिटले. दोन ओळी झाल्या आणि बोटं अडखळली. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, गेली नोकरी.

पण साहेब पेचबुरीचेच. लहानपणापासून हाच अध्याय ऐकत आलेले. ती चाल एकदा कानात शिरली ती शिरलीच. पुढचं वाक्य त्यांनी जरा लांबवलं, त्याच्या पुढच्याला हेल दिला, आणि बघता बघता म्हशींच्या खुरांचा रोग राणीच्या विलापात वाहू लागला. त्यांना स्वतःला पत्ता नाही. आम्ही फायलीत तोंडं खुपसली. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या शिपायाने हात जोडले. लमूनची बोटं उठली आणि हुकूम संपेपर्यंत थांबली नाहीत.

साहेबांनी कागद पाहिला. "चूक नाही," म्हणाले. "यंत्र तुझं. आणि हसताय काय सगळे?"

पुढे राजधानीहून तसलं दुसरं यंत्र आमच्याकडे आलंच नाही. जुनी मांडणी होती तिथेच राहिली, मास्तरांच्या दाराला कुलूप लागलं नाही. पण गंध लावताना त्यांना हे ठाऊक नव्हतं. लमूनने वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. तिच्या यंत्राला दुसऱ्या कोणाचा हात कधी लागला नाही, लागून उपयोगही नव्हता.

ते बघा, भन्ते आले. एवढंच करा. अध्याय संपल्यावर गेलेल्यांना पुण्य पोचावं म्हणून पाणी ओताल तेव्हा आपल्या माणसांच्या नावांमागून चुआ मास्तरांचंही नाव घ्या.