पेंढा भरलेलं रेडकू

चंद्रीचं पहिलं रेडकू चौथ्या दिवशी पाय झाडत मेलं. म्हशीचा पान्हा आटू नये म्हणून पुंडलिकने त्याच्या कातड्यात पेंढा भरला. धारेच्या वेळी तो ते चंद्रीपुढं उभं करायचा. ती चाटायची आणि दूध सोडायची. म्हशीला फसवणं कठीण नाही. माणसाला तर त्याहून सोपं.

कातड्याला कीड लागू नये म्हणून पुंडलिक त्यावर आतून-बाहेरून डीडीटी चोळायचा. वीस वर्षं तो मलेरियाच्या फवारणीवर होता. पहिल्याच दिवशी साहेबाने चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवून दाखवली होती, "देखो भाई, नमक है नमक!" साहेब बदली होऊन गेला, भुकटी राहिली. पिशवीच्या तळाशी उरलेली पुंडलिक घरी आणायचा. खाटेच्या ढेकणांवर, गव्हाच्या कोठीत, म्हशींच्या गोचिडांवर, लहानपणी लेकीच्या, इंदूच्या केसांत. ग्वारीघाटच्या रस्त्यावरची अर्धी वस्ती त्याच्याकडं भुकटी मागायला यायची. राधाबाईला नवऱ्याचा अभिमान वाटायचा.

रेडकू काहून मेलं म्हणून गुरांचे डॉक्टर दिवाकर दूध तपासायला घेऊन गेले होते. दोन महिन्यांनी ते कागद घेऊन आले आणि गोठ्याच्या दारातच थबकले. चंद्री रेडकाचं कपाळ चाटत होती. जीभ पांढरी झाली होती.

"काकू, हे काय लावलंय?"

"डीडीटी. कीड नाही लागत," दुधाची चरवी घेऊन आलेली राधाबाई म्हणाली.

डॉक्टर उपड्या पाटीवर बसले. "रेडकू यानंच मेलं अशी शपथ नाही घेत मी. पण दुधात हे भरपूर आहे. पाण्यात विरघळत नाही, मातीत नासत नाही, चरबीत जाऊन बसतं, वर्षानुवर्षं. म्हैस व्याली की दुधातून बाहेर पडतं. पहिल्या वेताच्या पिलाला सगळ्यात जास्त. आईच्या अंगात साचलेलं तेच आधी पितं."

"मी स्वतः वीस वर्षं हाताळलं," पुंडलिक उसळला. "मला काय झालं? हट्टाकट्टा आहे मी!"

"तुम्ही कुणाला पाजत नाही, काका."

राधाबाईच्या हातातली चरवी खाली आली. घरात इंदू होती. पहिलटकरीण, बाराव्या दिवसाची. सकाळ-संध्याकाळ डिंकाचे लाडू, चंद्रीच्या तुपातले. आणि त्याआधीची वीस वर्षं? चंद्रीच्या आईचं दूध, कोठीतला गहू, केसांतली भुकटी.

"तिचं पाजणं बंद करू का?" तिनं विचारलं.

"नाही, नाही! बाळाला तेच चांगलं, पाजू द्या. चंद्रीचं दूध-तूप मात्र बंद."

"मग तिच्या अंगातलं काढायचं कसं?"

डॉक्टरांनी कागदाची घडी केली, पुन्हा उघडली. "काढता येत नाही, काकू. म्हैस काय अन् बाई काय, जास्तीत जास्त निघतं ते दुधातूनच."

म्हणजे आई रिकामी होते ती लेकरात. असं कुणी केलं? जिभेवर ठेवून दाखवणाऱ्याने? पुंडलिकने? ते लाडू हातानं वळले होते राधाबाईने.

ती घरात गेली. सांगायचंच, असं ठरवून गेली. बाळ पीत होतं, गालावरून थेंब ओघळत होता.

"पाहा ना आई, पान्हा कसा भरून राहिलाय," इंदू हसली. "तुझ्या लाडवांची कमाल. आजचा दिलाच नाहीस?"

"संपले," राधाबाई म्हणाली.

"कालच तर डबा भरला होता!"

"खराब झाले गं."

परसात तिनं खड्डा खणला. डबा ओतला. वर ते रेडकू ठेवलं. नदीत टाकलं तर मासे खातील, जाळलं तर धूर होईल. जमिनीतही हे नासत नाही, हे तिला आताच कळलं होतं. दुसरी जागाच नव्हती. तिनं माती लोटली.

धारेची वेळ झाली. समोर रेडकू नाही म्हणून चंद्री हंबरू लागली, दावं ओढू लागली.

"काहून काढलंस ते?" पुंडलिक ओरडला. "पान्हा चोरेल ती!"

"चोरू द्या," राधाबाई म्हणाली. "ती तरी चोरू शकते."

घरात बाळ रडलं. लगेच गप्प झालं. इंदूने पदराखाली घेतलं होतं.