स्वरूपच्या खिशातला कागद

आमचा स्वरूप निपाणीच्या कोर्टात कागद द्यायला म्हणून निघाला आणि महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर पोचला. मोटारसायकलवरून, दिवसाढवळ्या, पूर्ण शुद्धीत. ज्या सीमेसाठी आमच्याकडची माणसं इतकी वर्षं भांडतायत, ती हा पठ्ठ्या न भांडता ओलांडणार होता.

"अण्णा, निपाणी मागंच राहिली," त्यानं मला फोनवर सांगितलं.

मी हरिभाऊ, बेळगावात वसुधा मॅडम वकिलांकडे थोरला कारकून. स्वरूप माझ्या हाताखाली, जवळच्या सांबरा गावचा, वय एकतीस. अक्षर मोत्यासारखं, कन्नड टायपिंग माझ्यापेक्षा चांगलं, पण डोकं कधी जागेवर नसतं.

तो मागं निपाणीला येईपर्यंत कोर्टाची मुदत टळली होती. मॅडमना कोर्टापुढे माफी मागावी लागली. त्या मला म्हणाल्या, "एक तारखेपासून दुसरा माणूस बघा."

स्वरूपला विचारलं, निपाणी दिसली कशी नाही? तो म्हणाला, "तुम्ही सांगितलेली कामं घोकत होतो अण्णा. संकेश्वरात सही, निपाणीत कागद, स्टॅम्प, तुमची तंबाखू, येताना यमकनमर्डीत निरोप. घोकता घोकता गाव गेलं."

आता, आमच्याकडे काम लिहून द्यायची पद्धतच नाही. माणूस चप्पल घालायला लागला की आठवेल ते सांगत सुटायचं. तंबाखू तर मी तो जिना उतरताना सांगितली होती.

मग त्यानं खिशातून घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद काढला. डॉक्टरांचा. एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही, लहानपणापासूनचं. काम एका वेळी एकच द्यावं, लिहून द्यावं, बसायला दारापासून लांब जागा द्यावी, मोबाइलचा अलार्म लावू द्यावा.

"आमच्या काळी ह्याला वेंधळा म्हणायचे," मी म्हणालो.

"आताबी तेच म्हणत्यात की अण्णा."

मी त्याला तसाच मॅडमपुढे नेला. नोकरी वाचली तर ह्या कागदानंच वाचणार होती. मॅडमनी तो दोनदा वाचला.

"ह्यात अवघड काहीच नाही. पण तारीख चार महिन्यांपूर्वीची आहे. एवढे दिवस दिला का नाहीस?"

"विसरला असेल," मी म्हणालो आणि हसलो. मॅडमनाही हसू आवरलं नाही.

स्वरूप हसला नाही. "न्हाय मॅडम. ह्यो एकच इसरलो न्हाय. रोज सकाळी खिशात घालून यायचो. रोज वाटायचं, आज द्यावा. पर भ्यालो."

"मला?"

"तुम्हास्नी न्हाय." तो खाली बघत राहिला. "अण्णा हसतील म्हणून."

मॅडमनी तो कागद माझ्या हातात दिला, "दुसरा माणूस बघू नका." मला फार लाज वाटली. चार महिने हा माणूस माझ्याच समोर बसून डबा खात होता, आणि मी रोज त्याची एखादी नवी फजिती सांगून ऑफिसला हसवत होतो.

मी बाहेर येऊन माझं टेबल त्याच्यासाठी रिकामं केलं. ते आतल्या भिंतीला लागून आहे, तिथं कुणाची ये-जा नसते. दाराजवळच्या त्याच्या खुर्चीवर मी बसलो, कोरा कागद घेतला आणि त्याचं उद्याचं पहिलं काम लिहिलं. एकच.